निर्बंध कधी उठवायचे, सीमा कधी उघडायच्या? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाची साथ सरली, पण सोलापुरात चार माणसं बसली आणि विषय निघाला की वाद अजून तिथेच येऊन थांबतो. बंद लवकर उठवला असता तर हातावर पोट असणारे सावरले असते, की आणखी माणसं दगावली असती? कर्नाटकाच्या सीमेवरचा बंदोबस्त कामाचा होता की नुसता जाच होता? महाविद्यालयांत, वॉर्डातल्या बैठकांत, पूर्वभागातल्या यंत्रमाग कारखान्यांच्या दारात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. साथी पुढेही येणार आहेत, म्हणून हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं. माझं मत जिथे आहे तिथे ते उघडपणे मांडलं आहे. सगळ्या उत्तरांमागे मागणी एकच: ज्या आदेशाने निर्बंध लागतो, त्याच आदेशात तो कशावर उठेल हे लिहिलेलं असावं.

निर्बंध उठवायची योग्य वेळ कोणती, याचं सरळ उत्तर आहे का?

तारखेत नाही, अटींत आहे. साथ उतरणीला लागली आहे का? दवाखान्यात खाटा आणि ऑक्सिजन शिल्लक आहे का? नवा रुग्ण सापडला तर त्याच्या संपर्कातली माणसं लगेच शोधण्याइतकी यंत्रणा हाताशी आहे का? या तिन्हींना 'हो' म्हणता आलं की शिथिलीकरण सुरू करावं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये एक ढोबळ खूण दिली होती: पुरेशा चाचण्या होत असताना पॉझिटिव्हचं प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली राहिलं, तर साथ आटोक्यात आली असं धरता येईल.

आपल्याकडे २०२० मध्ये तारखाच चालल्या. २५ मार्चला २१ दिवसांचा लॉकडाऊन लागला, मग ३ मे, १७ मे, ३१ मे असं पुढे ढकलणं सुरू राहिलं. सोलापूर शहरात पहिला रुग्ण एप्रिलमध्ये सापडला, म्हणजे सगळं बंद होऊन बरेच दिवस लोटल्यावर. इथली साथ चढत होती तेव्हा जूनमध्ये टप्प्याटप्प्याने सगळं खुलं करायचं राज्याचं 'मिशन बिगिन अगेन' आलं, आणि जुलैच्या उत्तरार्धात शहराला पुन्हा दहा दिवसांचा कडक बंद सोसावा लागला. दिल्ली-मुंबईच्या वेळापत्रकावर सोलापूर बंद झालं आणि त्याच वेळापत्रकावर उघडलं. इथल्या साथीची चाल त्या वेळापत्रकात कुठेच नव्हती.

पॉझिटिव्हिटी रेटवर कितपत भरवसा ठेवायचा?

शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह आल्या, एवढाच त्याचा अर्थ. चाचण्या कोणाच्या केल्या यावर तो हलतो. ताप-खोकला असलेल्यांच्याच केल्या तर तो वर चढतो. चौकात अडवून धडधाकट माणसांच्या अँटिजेन, म्हणजे जागेवर निकाल देणाऱ्या झटपट चाचण्या केल्या तर खाली येतो. अँटिजेनमध्ये काही बाधित निसटतात ते वेगळंच. म्हणून जून २०२१ च्या अखेरीस राज्याने फक्त आरटीपीसीआरचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जास्त अचूक चाचणीचे आकडे धरायचं ठरवलं ते बरोबरच होतं. हा आकडा कधीही एकटा वाचू नका. शेजारी एकूण चाचण्या आणि रुग्णालयात नव्याने दाखल झालेले, हे दोन आकडे ठेवूनच वाचा.

रुग्ण कमी होऊ लागले, तरी दुकानं उघडायला दोन-तीन आठवडे का थांबायचं?

कारण आज दिसणारा आकडा आजचा नसतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला मूळ विषाणूत साधारण पाच-सहा दिवस लागत. पुढे माणूस अंगावर काढणार, मग चाचणी, मग अहवाल. प्रकृती बिघडून खाट लागायला लागणीपासून दहा-बारा दिवस उलटतात, आणि मृत्यू त्याहून उशिरा नोंदले जातात. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी टाकळी बंधाऱ्यात पोचायला काही दिवस जातात, तसंच हे. आज दार उघडलं तर त्याचा परिणाम रुग्णालयात दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून एका वेळी थोडंच उघडायचं, तेवढे दिवस बघायचं आणि मग पुढचं पाऊल टाकायचं. सगळं एकदम उघडलं की पुढे आकडे वाढले तर नेमकं कशामुळे, ते कळायला मार्ग उरत नाही.

घाईची किंमत साध्या हिशोबात दिसते. समजा रोजचे १०० रुग्ण आहेत आणि संख्या दर आठवड्याला दुप्पट होते आहे. चार आठवड्यांनी ते १,६०० होतात. त्याच वेगाने उतरणीला लागलेल्या साथीत मात्र एक आठवडा जास्त थांबलं की रुग्ण निम्मे होतात.

राज्याची पाच स्तरांची पद्धत चांगली होती का?

माझ्या मते महाराष्ट्राने साथीत केलेल्या सगळ्यांत शहाण्या गोष्टींपैकी ती एक होती. ७ जून २०२१ पासून ती लागू झाली. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांच्या वर किंवा ७५ टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या असतील तर पाचवा. मधले तीन या दोन टोकांच्या दरम्यान. सराफ कट्ट्यावरचा व्यापारी असो की रिक्षावाला, आपला जिल्हा कुठे आहे आणि पुढच्या आठवड्यात काय होऊ शकतं, हे पहिल्यांदा प्रत्येकाला स्वतः पाहता येऊ लागलं.

ती तीन आठवडेही सरळ टिकली नाही, याचं दुःख वाटतं. डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या काळजीपोटी २५ जूनला ठरलं की आकडे कितीही चांगले असले तरी कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली, म्हणजे जास्त सवलतीच्या पहिल्या-दुसऱ्या स्तरात, येणार नाही. काळजी खोटी नव्हती, पण ज्यांनी अट पाळली त्यांना अट पूर्ण करूनही काही मिळालं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांना सवलत मिळाली तेव्हा जे ११ जिल्हे मागे ठेवले, त्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्यासोबत सोलापूरही होतं.

सोलापूर शहरात रुग्ण कमी, ग्रामीणमध्ये जास्त. मग शहराला शिक्षा का?

व्यापाऱ्यांचा हा सगळ्यांत मोठा सवाल होता, आणि त्यात दम होता. पाच स्तरांच्या आदेशात १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना वेगळा घटक धरलं होतं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास. म्हणजे थोडक्यासाठी शहर जिल्ह्याच्या आकड्यात गेलं. करमाळ्याच्या आणि माळशिरसच्या रुग्णसंख्येवर नवी पेठेतलं दुकान उघडायचं की नाही हे ठरणार, हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. शहर स्वतंत्र धरा, ही मागणी त्यातूनच आली.

पण शहराची हद्द आखून प्रश्न सुटत नाही, हे समजून घ्यायला कुंभारीला जाऊन यावं. विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथे आहे, दहा हजार घरांची. कागदावर ती दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणजे ग्रामीणमध्ये. तिथल्या बाईचं काम, बाजार, दवाखाना, पोरांचं कॉलेज सगळं शहरात. शहर खुलं आणि ग्रामीण बंद असा आदेश निघाला की नियमाचा पहिला फटका तिलाच बसतो. उलट दिशेने पाहा: शासकीय रुग्णालयातल्या खाटा शहराच्या हद्दीत, पण त्यांवर झोपलेला रुग्ण अक्कलकोटचा, मोहोळचा, धाराशिवचा किंवा भीमेपलीकडचा असू शकतो. तो शहराच्या खात्यावर मोजायचा का?

माझं उत्तर असं की बंद ठरवताना घटक लहान असावा, तालुका किंवा प्रभाग. खाटा मोजताना मात्र मोठा असावा, रुग्ण जिथून जिथून येतात तो सगळा टापू. ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्हा प्रशासनाने पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांपुरते कडक निर्बंध लावले होते. तिथल्या व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि त्यांची व्यथा खरी होती. तरी अख्खा जिल्हा बंद करण्यापेक्षा ती वाट बरी होती.

"आजाराने मरू ते मरू, उपाशी मरायचं नाही," असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

त्याला काही सांगायच्या आधी त्याच्या घरात शिधा आहे का ते बघायचं.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांची संख्या हजारोंच्या घरात आहे, आणि त्यांचं काम घरात चालतं. मांडीवर सूप, त्यात भिजवलेली पानं, पत्र्याच्या साच्यावर कातरीने पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. हजार विड्यांमागे मजुरी. काम घरी असल्यामुळे बंदचा त्यांना काय त्रास, असं बाहेरच्याला वाटतं. पण पान-तंबाखू कारखान्याच्या शाखेतून आणावी लागते आणि तयार माल तिथेच तपासून द्यावा लागतो. शाखा बंद, की सूप रिकामं. शाखा उघडली, की एका खोलीच्या दाराशी पन्नास बायांची दाटी. प्रशासनाला ती दाटी दिसायची आणि शाखा पुन्हा बंद व्हायची. माल गल्लीत नेऊन वाटा, वारानुसार पाळ्या लावा, मोकळ्या आवारात तपासणी करा, हे मार्ग पहिल्या दिवसापासून आदेशात असायला हवे होते, कारण साथीचा धोका विडी वळण्यात नव्हता, त्या दारातल्या गर्दीत होता.

यंत्रमागावरचा कामगार आठवड्याच्या पगारावर घर चालवतो. मागाचा खटखट आवाज थांबला की दुसऱ्या आठवड्यात किराणा उधारीवर. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने कडक निर्बंधांसोबत मदत जाहीर केली: नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये. त्या यादीत विडी आणि यंत्रमाग कामगार नव्हते. या शहराचं पोट ज्यांच्यावर चालतं तेच वगळले गेले. म्हणून निर्बंधांवरच्या वादात मी चौथी अट घालते: ज्यांचं काम बंद करता, त्यांची नावं मदतीच्या यादीत आहेत का? नसतील तर बंद लांबवायचा नैतिक अधिकार कमी होत जातो, आणि लोक तो पाळत नाहीत. पोलिसांच्या काठीने आठ दिवस निघतात, महिने निघत नाहीत.

उघडायचंच झालं तर आधी काय?

उघड्यावरचं काम, शेती आणि त्याला लागणारी दुकानं, एकेकट्याने करायची कामं, आणि शाळा. शाळा मी मुद्दाम पुढे ठेवते. आपल्याकडे त्या शेवटी राहिल्या. महाराष्ट्रात नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करायला परवानगी मिळाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. पहिली ते चौथीच्या पोरांनी तर वर्ग पाहिला तो थेट डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत तोही काही दिवस मिटला. मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेलं मूल शाळेत परतलं तेव्हा तिसरीत होतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी त्यांचं नाव जगभर झालं. त्याच जिल्ह्यात घरात एकच फोन आणि तो बापासोबत कामावर, अशी घरं गल्लोगल्ली होती.

दुकानांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. वेळ कमी केली की गर्दी वाढते. सकाळी ७ ते ११ एवढाच बाजार ठेवला की दिवसभराची गिऱ्हाइकं चार तासांत येतात. दुकानातली माणसं मोजून सोडावीत, आणि वेळ मात्र वाढवावी.

मंदिरं एवढा काळ बंद ठेवायला हवी होती का? आणि वारी?

पंढरीचा जिल्हा म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. विठ्ठल मंदिर १७ मार्च २०२० पासून दर्शनासाठी बंद झालं. ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर उघडा म्हणून पंढरपुरात मोठं आंदोलन झालं. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांमधला पत्रव्यवहार गाजला. अखेर १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली धार्मिक स्थळं उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडली.

मला इथे मंदिर आणि वारी वेगळी करावीशी वाटते. रोजचं मंदिर मर्यादित संख्येने, मुखदर्शनापुरतं, बार आणि हॉटेलं उघडली त्याच सुमारास उघडता आलं असतं. बार उघडे आणि देव कुलपात, हे चित्र लोकांच्या मनाला लागलं, आणि त्यामागचा तर्क कोणी नीट समजावून सांगितला नाही. मंदिरावर पोट असलेली माणसंही पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापुरात कमी नाहीत: फुलवाले, प्रसादाची दुकानं, लॉजवाले, रिक्षावाले.

वारीचं तसं नाही. लाखो माणसं, दोन-अडीच आठवड्यांची वाट, मुक्काम गावोगावी, परतीला राज्याच्या कानाकोपऱ्यात. श्वासातून पसरणाऱ्या आजाराला याहून मोठी संधी नाही. २०२० आणि २०२१ मध्ये मानाच्या पालख्या एसटीने वाखरीपर्यंत आल्या, पंढरपुरात संचारबंदी होती. घरी बसून आषाढी करणाऱ्या माळकऱ्यांच्या घालमेलीचा कोणी हिशोब ठेवला नाही, पण निर्णय योग्यच होता, आणि तो बहुतेक वारकऱ्यांनी मनापासून पाळला. पायी वारी पूर्ण स्वरूपात परतली २०२२ मध्ये. १० जुलैच्या एकादशीला चंद्रभागेचं वाळवंट पुन्हा भरलं होतं.

लग्नाला मोजकीच माणसं, आणि निवडणुकीला सभा?

पंढरपूर-मंगळवेढा विधानसभेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली. राज्यभर कडक निर्बंध लागले १४ एप्रिलच्या रात्री आठपासून, म्हणजे त्याच आठवड्यात. दुसरी लाट चढत असताना त्या दोन तालुक्यांत सभा आणि गाठीभेटी सुरू होत्या, सगळ्याच पक्षांच्या. याचं समर्थन करता येत नाही. निवडणूक पुढे ढकलता आली असती. नियम सर्वांना सारखा नसला की तो कोणालाच पटत नाही, आणि पुढचा नियम लोकांच्या गळी उतरवणं अवघड होतं.

राज्याची सीमा बंद करायचा अधिकार कोणाला?

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेत राज्यांचा विषय आहे. संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणं समवर्ती सूचीत येतं. आंतरराज्य विलगीकरण मात्र केंद्राच्या सूचीत, ८१ व्या क्रमांकावर. देशात कुठेही फिरायचा हक्क कलम १९ देतं, आणि लोकहितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभाही तेच कलम देतं. कामकाजात हत्यारं दोन वापरली गेली: प्लेगच्या काळातला १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसऱ्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, म्हणून जिल्ह्याचे आदेश त्यांच्या सहीने निघत.

२२ ऑगस्ट २०२० ला केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना कळवलं की राज्यांतर्गत किंवा राज्याराज्यांतल्या प्रवासावर बंधन नको, वेगळा परवाना नको. महाराष्ट्राने जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास २ सप्टेंबरपासून बंद केला. तरी पुढच्या फेब्रुवारीत कर्नाटकाने आपल्याकडून येणाऱ्यांना आरटीपीसीआर अहवाल मागितलाच.

विजयपूर रस्त्यावर आरटीपीसीआर मागत होते, त्याचा उपयोग झाला का?

टाकळीजवळ भीमा ओलांडली की पलीकडे धूळखेड, कर्नाटकाची तपासणी तिथे. ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल दाखवा, नाहीतर मागे फिरा. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर दोन्ही डोस घेतलेल्यांनाही हीच अट होती.

सीमेवरची तपासणी कधी कामाची ठरते, याचा एक साधा निकष आहे. आत आजार नाही किंवा अगदी कमी आहे, आणि बाहेर खूप आहे, तेव्हा बाहेरून येणारा प्रत्येक बाधित महत्त्वाचा. पण समजा आत रोज ६०० नवे रुग्ण सापडत आहेत आणि सीमेवरून रोज १० बाधित येतात. ते दहाही अडवले तरी साथ हलत नाही. मार्च २०२० मध्ये कलबुर्गीत देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू नोंदला गेला तेव्हा सोलापुरात एकही रुग्ण नव्हता. त्या वेळी सीमेवर लक्ष ठेवण्याला अर्थ होता. एप्रिल २०२१ मध्ये भीमेच्या दोन्ही काठांवर आजार सारखाच पसरला होता, तेव्हा तो अर्थ उरला नव्हता.

शिवाय ७२ तासांपूर्वी निगेटिव्ह असलेला माणूस आज पॉझिटिव्ह असू शकतो. आणि अहवाल विकत घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. आपल्या सीमाभागात नाती नदी ओलांडून आहेत. मंगळवेढ्याची लेक इंडी तालुक्यात दिलेली, अक्कलकोटच्या माणसाचं शेत अफजलपूरकडे, गाणगापूरची पौर्णिमा दोन्हीकडची. रोज ये-जा करणाऱ्याने दर तीन दिवसांनी चाचणी करायची का? अशांसाठी सीमेलगतच्या गावांचा रहिवासी पास आणि आठवड्यातून एक मोफत चाचणी, एवढं पुरेसं झालं असतं.

रुग्णांचा प्रश्न तर सगळ्यांच्या वर. कर्नाटकाने केरळच्या सीमेवरचे रस्ते मार्च २०२० मध्ये अडवले तेव्हा कासरगोडच्या रुग्णांना मंगळुरूच्या दवाखान्यांत पोचता आलं नाही, त्यात जीव गेले. १ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने अडथळे काढायला सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तातडीच्या रुग्णांसाठी कार्यपद्धती ठरली. उपचारासाठी नदी ओलांडून सोलापूर गाठणारी गावं इथे कमी नाहीत. रुग्णवाहिकेला कोणत्याही सीमेवर, कोणत्याही काळात थांबवू नये, हे आधीच लिहून ठेवायला हवं.

मालाच्या गाड्या तर चालूच होत्या ना?

कायद्याने हो. पण गाडी चालवणारा माणूसच असतो. ढाबे बंद, गॅरेज बंद, गावात उतरू देत नाहीत. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता आणि व्यापारी बागेपर्यंत पोचलेच नाहीत. मालाला परवानगी देताना ड्रायव्हर, हमाल आणि तोलारांचा विचार त्याच आदेशात व्हावा.

गावकऱ्यांनी वेशीवर काटे टाकून रस्ता अडवला होता. ते चालतं का?

नाही. तो अधिकार गावाला नाही. बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवणं, शाळेत विलगीकरणाची सोय करणं, एवढं ग्रामपंचायत जरूर करू शकते. मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या आपल्याच माणसाला वेशीबाहेर झाडाखाली ठेवलं गेलं, ते विसरता कामा नये.

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाने सीमा बंद ठेवून माणसं वाचवली. आपल्याला का जमलं नाही?

बेटांची गोष्ट वेगळी. न्यूझीलंडने १९ मार्च २०२० ला परदेशी नागरिकांना दार बंद केलं, आत साथ जवळपास शून्यावर आणली आणि लसीकरण होईपर्यंत वेळ मिळवला. पूर्ण दार उघडलं ते ३१ जुलै २०२२ ला. माणसं वाचली, हे खरंच. पण त्यांचे स्वतःचे नागरिकही विलगीकरण केंद्रात जागा मिळेना म्हणून परदेशात महिनोन्‌महिने अडकले. ऑस्ट्रेलियाने तर मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना प्रवेश बंद केला, मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. ३ ते १५ मे ती बंदी होती. आपल्याच माणसाला घरी येऊ न देणं मला कोणत्याही साथीत मान्य नाही. विलगीकरणात ठेवा, पण येऊ द्या.

ऑस्ट्रेलियाची दुसरी गोष्ट मात्र घेण्यासारखी: प्रौढांपैकी ७० टक्के आणि मग ८० टक्के लोकांचं लसीकरण झालं की काय काय खुलं होईल, हे त्यांनी आधी जाहीर केलं होतं. भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात थांबवली आणि २७ मार्च २०२२ ला सुरू केली. मधल्या काळात परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणारी वंदे भारत मोहीम आणि काही देशांशी ठरलेली मर्यादित उड्डाणं होती. कोणत्या अटीवर नियमित सेवा सुरू होणार, ते मात्र जनतेला सांगितलं गेलं नव्हतं.

नवा प्रकार आला की विमानं बंद करावीत का?

फार तर काही दिवसांपुरती, तयारीला उसंत म्हणून. ओमिक्रॉनचं नाव २६ नोव्हेंबर २०२१ ला ठेवलं गेलं. २ डिसेंबरला बंगळुरूत भारतातले पहिले दोन रुग्ण जाहीर झाले, त्यांतले एक स्थानिक डॉक्टर होते, परदेश प्रवास न केलेले. म्हणजे नाव ठेवेपर्यंत तो घरात आलेला होता. आणि दक्षिण आफ्रिकेने प्रामाणिकपणे माहिती दिली तर जगाने तिच्याच विमानांवर बंदी घातली. अशी वागणूक मिळाली तर पुढच्या वेळी कोण लवकर सांगेल?

लस घेतलेल्यांनाच प्रवेश, हा नियम न्याय्य होता का?

लस सर्वांना सहज मिळत असेल तर काही ठिकाणी, काही काळ, हो. आपल्याकडे हा नियम आला तेव्हा, ऑगस्ट २०२१ मध्ये, तसं नव्हतं. कोविशिल्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवड्यांचं अंतर होतं आणि १८ वर्षांवरच्यांना परवानगीच मेपासून मिळाली होती. त्यामुळे वीस-बावीस वर्षांचा मुलगा रांगेत उभा राहूनही 'दोन डोस' या अटीत बसत नव्हता. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लसीची सक्ती करता येत नाही, आणि तेव्हाच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत, असं म्हटलं. देशादेशांतही हाच पेच. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं लसीकरण मानलं नाही, ४ ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं, आणि आठवडाभरात ब्रिटनने नियम बदलला.

मग एकूण आपण घाई केली की उशीर?

दोन्ही, वेगवेगळ्या ठिकाणी. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत साथ संपली असं समजून लग्नं, सभा, बाजार पूर्वीसारखे झाले. फेब्रुवारीतच अमरावतीत लॉकडाऊन लावायची वेळ आली होती, तो इशारा सोलापूरपर्यंत पोचायला हवा होता. ती घाई. शाळा आणि विडी-यंत्रमागाच्या बाबतीत उशीर. राज्यातले सगळे निर्बंध १ एप्रिल २०२२ ला उठले, मास्कही ऐच्छिक झाला. ओमिक्रॉनची लाट फेब्रुवारीतच ओसरली होती, त्यामुळे ते दोन-चार आठवडे आधीही करता आलं असतं, पण त्यावर मी फार भांडणार नाही.

लसीचं जुनं प्रमाणपत्र जपून ठेवायचं का?

ठेवा. भारताने परदेशातून येणाऱ्यांसाठीचा एअर सुविधा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. तरी प्रमाणपत्राची पीडीएफ फोनमध्ये आणि एक छापील प्रत घरात असू द्या. हजला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची लस बंधनकारक आहे. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत कामाला जाणाऱ्यांना पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दहा वर्षांनी नवं काढावं लागत नाही.